चूक रिक्षावाल्याची, एनसी नवऱ्यावर

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. नवऱ्याचं ऑफिस कल्याणीनगरला आहे. घरात कधी आवाज न चढवणारा हा माणूस स्टिअरिंगवर बसला की वेगळाच होतो. गेल्या महिन्यात नळ स्टॉपला एक रिक्षा डावीकडून घुसली आणि आमच्या बंपरला घासली. हा खाली उतरला, रिक्षावाल्याची कॉलर धरली, त्याला ढकललं. तो पडला, कोपर खरचटलं. गर्दी जमली, पोलीस आले आणि शेवटी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली ती नवऱ्याच्या नावावर. तेव्हापासून घरात एकच पालुपद : चूक त्याची आणि गुन्हा माझ्यावर. आता ड्रायव्हर सीटखाली हॉकी स्टिक आली आहे, ‘सेफ्टीसाठी’. मागे आमचा नऊ वर्षांचा मुलगा बसलेला असतो. मी ‘शांत हो’ म्हटलं की हा आणखी भडकतो. डॅशकॅम घ्यावा का? आणि एक माझं स्वतःचं. मी शाळेत शिकवते, कर्वे रोडने स्कूटरवरून जाते. मागे चिकटून हॉर्न वाजवणाऱ्यांचं काय करायचं? परवा एकाला लगेच वाट दिली नाही म्हणून तो पौड फाट्यापासून आमच्या गल्लीपर्यंत मागे आला.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाकी सगळ्याच्या आधी एक काम करा. ती हॉकी स्टिक आज संध्याकाळीच गाडीतून घरात आणा. लपवून आणू नका, पतींना सांगून आणा आणि कारणही सांगा. ड्रायव्हर सीटखालची कोणतीही सुटी वस्तू जोरात ब्रेक मारला की पुढे सरकते आणि पेडलखाली अडकू शकते. पाण्याच्या बाटलीने हे होतं, तर काठीने नक्कीच होईल. ज्या क्षणी ब्रेक पूर्ण दाबायचा असतो त्याच क्षणी तो दबणार नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. नळ स्टॉपला हात रिकामे होते म्हणून प्रकरण एनसीवर थांबलं. तेच हातात काठी असताना झालं, तर धोकादायक साधनाने इजा केल्याचं भारतीय न्याय संहितेचं ११८ वं कलम लागू शकतं. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो दखलपात्र गुन्हा असल्याने पोलीस थेट एफआयआर नोंदवतात. स्टिक सीटखाली मुद्दाम ठेवली होती, ही गोष्टही विरोधातच जाते. शिवाय काठी दिसली की समोरचा माणूस डिकीतला पाना काढतो. दोघेही ‘सेफ्टीसाठी’च काढतात.

आता ‘चूक त्याची आणि गुन्हा माझ्यावर’ हे पालुपद. तुमच्या पतींना ही गोष्ट खरोखरच अन्यायाची वाटते आहे, म्हणून तिचं नीट उत्तर द्यायला हवं. त्या दिवशी नळ स्टॉपला एक नव्हे, दोन घटना घडल्या. डावीकडून घुसून रिक्षा घासली ही पहिली. तिच्याबद्दल रिक्षावाल्यावर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई होऊ शकत होती. ओव्हरटेक करताना नियम मोडणं आणि इतर वाहनांना धोका होईल असं चालवणं हे कलम १८४ मध्ये येतं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसरी घटना कॉलर धरण्याची आणि ढकलण्याची. तिचा पहिलीशी कायद्याने हिशेब लागत नाही. माणसाला इजा झाली की न्याय संहितेचं कलम ११५(२) येतं, १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘त्याने आधी गाडी घासली’ हे ऐकून घेतात, पण त्याने दुसरी घटना पुसली जात नाही. पतींची बाजू बंपर घासला तिथपर्यंत पूर्ण बरोबर होती. दार उघडून त्यांनी ती स्वतःच हातची घालवली, आणि त्या गर्दीत पहिल्या घटनेची तक्रार द्यायचं बहुधा कोणाला सुचलंही नाही.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, अटकही करत नाहीत. रिक्षावाला पुढे कोर्टात गेला नाही तर बहुतेक वेळा विषय तिथेच राहतो. पण नोंद राहते. असे प्रकार पुन्हा घडले तर पोलीस ‘चॅप्टर केस’ करू शकतात. म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून द्यायला बोलावतात. पुण्यासारख्या आयुक्तालयात हे काम सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालतं. नोकरदार माणसाला त्या खेपा फार जड जातात. एनसीची प्रत तुमच्याकडे नसेल तर पोलीस ठाण्यातून मागून घ्या आणि जपून ठेवा. त्या रिक्षावाल्याला फोन करून ‘मिटवून टाकू’ वगैरे परस्पर बोलणी नकोत. करायचीच असतील तर वकिलामार्फत करा.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. समोर रिक्षावाल्याऐवजी ड्यूटीवरचा पीएमपीएमएल बसचा चालक, वाहक किंवा वाहतूक पोलीस असता, तर तो लोकसेवकावर हल्ला ठरला असता. न्याय संहितेचं कलम १३२, दखलपात्र आणि अजामीनपात्र. कर्वे रोडवर दर दोन मिनिटांनी बस शेजारी येते, तेव्हा ही शक्यता लांबची नाही.

मग गाडी घासल्यावर करायचं काय? पहिली पाच सेकंदं फक्त दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि हॅझर्ड लाइट लावायचे. आरशात बघायचं, मागून दुचाकी येत असतात. कोणाला लागलं आहे का, एवढाच पहिला प्रश्न. लागलं असेल तर थांबणं आणि मदत मिळवून देणं कायद्याने बंधनकारक आहे. १०८ ला फोन करा, आणि जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. कोणाला लागलं नसेल आणि गाड्या हलत असतील, तर शेजारी बसलेल्या माणसाने चार फोटो काढावेत. एक लांबून, दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे आणि मागची एखादी ओळखीची खूण येईल असा. एक समोरच्या वाहनाच्या नंबर प्लेटचा. एक घासलेल्या जागेचा जवळून. आणि एक समोरच्या वाहनाला जिथे लागलं आहे त्याचा, कारण पुढे त्याने दुसरीकडचा जुना पोचा दाखवून पैसे मागितले तर हाच फोटो उपयोगी पडतो. फोटो झाले की गाडी कडेला घ्या. नळ स्टॉपसारख्या ठिकाणी चौकात उभं राहून वाद घातला की दोन मिनिटांत मागे शंभर गाड्या अडकतात, आणि मग गर्दीतला प्रत्येक जण आपला राग घेऊन तुमच्या भांडणात उतरतो. चौकातल्या निम्म्या मारामाऱ्या मूळ दोघांपेक्षा तिसऱ्यामुळे वाढतात.

उतरायचंच असेल तर कडेला गाडी लावल्यावर, इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून उतरा. समोरच्यापासून दोन हात लांब आणि थोडं तिरकं उभं राहा, छातीला छाती भिडवून नाही. हात दिसतील असे मोकळे ठेवा. आणि भाषा. मराठीत या बाबतीत आपल्याकडे एक मोठं साधन आहे, ते वापरा. भांडण ‘ए, दिसत नाही का रे’ या एकेरीवर आलं की ते खाली उतरत नाही. पुढचं वाक्य ‘रस्ता तुझ्या बापाचा का’ हेच असतं. पहिलंच वाक्य ‘दादा, लागलं नाही ना कुठे?’ असं गेलं तर समोरच्याला एकेरीवर यायला जरा जड जातं. तो आलाच तरी तुम्ही अहो-जाहो सोडू नका. दुसरं वाक्य : ‘नंबर आणि विम्याचा कागद दाखवा, मी माझा दाखवतो.’ चूक कोणाची, हे तिथे ठरवायला जाऊ नका. ते पोलीस आणि विमा कंपनी ठरवते.

पैशांबद्दलही घाई नको. विम्याच्या अटींमध्येच असतं की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये आणि समोरच्याला पैसे देऊ नयेत. क्लेम करणार असाल तर जागेवर नोटा मोजू नका. करणार नसाल आणि आपसांत मिटवायचं असेल, तर कागदावर तारीख, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, ‘परस्पर मिटवलं, कोणाची तक्रार नाही’ आणि दोघांच्या सह्या एवढं लिहून घ्या आणि फोटो काढा. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम परवडतो का, तेही बघा. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८ हजार आहे आणि पुढच्या वर्षी तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के होणार आहे. क्लेम केला की तो शून्यावर येतो, म्हणजे पहिल्याच वर्षी ३,६०० रुपये जातात आणि बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढवावा लागतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १ हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. गॅरेजचं एस्टिमेट याच्यापेक्षा कमी असेल तर खिशातून करा. इतक्या रकमेसाठी कोणाची कॉलर धरायची, हे पतींना एकदा कागदावर मांडून दाखवा. आकडे समजणाऱ्या माणसाला ते पटतं.

आता रागाकडे. तुम्ही लिहिलं आहे की घरात ते आवाजही चढवत नाहीत. अशा माणसाचा रस्त्यावरचा राग अनेकदा दचकण्यातून येतो. डावीकडून अचानक काही अंगावर आलं की शरीर आधी घाबरतं : छाती धडधडते, हात घट्ट होतात, श्वास वर अडकतो. अर्ध्या सेकंदाने डोकं त्याला नाव देतं, आणि ‘घाबरलो’ असं नाव द्यायला बहुतेक पुरुषांना जमत नाही, म्हणून ते ‘राग’ होतं. ती धडधड लगेच उतरत नाही, काही मिनिटं राहते. नेमकी त्याच वेळात पुढची चूक होते आणि ती बहुधा आपली असते : कट मारणाऱ्याला गाठायला गिअर टाकणं, पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक मारणं, सिग्नलला काच खाली करणं. यावर उपाय अगदी शारीरिक आहे. स्टिअरिंगवरची पकड सैल करायची, बोटं एकदा उघडून मिटायची. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असे पाच वेळा. बाहेरचा श्वास लांब हवा, त्यानेच ठोके उतरतात. आणि कट मारणाऱ्या गाडीवरून नजर काढून तिच्या पुढच्या रस्त्यावर ठेवायची. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते.

पण त्याहून महत्त्वाचं हे की दचकण्याचे प्रसंगच कमी करता येतात. पुढच्या गाडीला चिकटून चालवणारा माणूस दिवसभर दचकत असतो. हिशेब करा : ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ११ ते १७ मीटर गेलेली असते. थांबायला कोरड्या रस्त्यावर त्यापुढे आणखी नऊएक मीटर. म्हणून पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तिथपासून आपण तो ओलांडेपर्यंत दोन सेकंद जायला हवीत, पावसात चार. पौड फाट्याच्या पुलावर हे जमतं. रखडत्या रहदारीत ताशी २० ने जाताना निदान दीड-दोन गाड्यांची जागा. आणि थांबताना एवढं मागे थांबा की पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील. मग पुढची बंद पडली तरी वळवून निघता येतं, आणि मागून कोणी धडकलं तर तुम्ही पुढच्यावर जात नाही.

यावर पतींचं उत्तर आत्ताच ठाऊक आहे : ‘जागा ठेवली की दुसरा घुसतो.’ घुसतो, खरं आहे. घुसू द्या. सिग्नलवरून सुटणाऱ्या रांगेत एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी जाते. म्हणजे कोथरूड ते कल्याणीनगर या वाटेत दहा जण पुढे घुसले तर वीस सेकंदं गेली. त्यातल्या एखाद्यामुळे हिरवा दिवा हुकला तर दोन-अडीच मिनिटं. रोजच्या तासाभराच्या प्रवासात हे नुकसान एवढंच आहे. नळ स्टॉपचा प्रकार चौकीसकट किती तासांचा झाला, ते तुम्हाला माहीत आहे.

जिथे रस्ता अरुंद होतो, पुलाच्या तोंडाशी किंवा खोदकामाच्या बॅरिकेडपाशी, तिथे एक गाडी तुमच्या रांगेतली, एक त्यांच्या रांगेतली, असं सोडत जा. दुसऱ्याला नाक घुसवू न देण्याची जिद्द तिथेच सगळ्यात जास्त बंपर घासते, कारण दोन्ही चालक ताशी पाचच्या वेगाने आणि शंभर टक्के हट्टाने येतात. आणि रिक्षा, दुचाकी पुण्यात डावीकडून येणारच, हे धरून चाला. डावीकडे सरकायच्या आधी डावा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर; आरशात न दिसणारी जागा एका रिक्षाएवढी असते. इंडिकेटर वळायच्या निदान तीन सेकंद आधी. स्टिअरिंग फिरवताना लावलेला इंडिकेटर कोणाला काही सांगत नाही.

तुम्ही शेजारी बसता तेव्हाचं. ‘शांत हो’ हे वाक्य बंद करा. ते वाक्य ऐकणाऱ्याला ‘तू चुकतो आहेस’ असं ऐकू येतं, आणि मग त्यांना दोघांशी भांडावं लागतं. ‘काय बाई चालवतात लोक’ अशी साथही नको. त्याऐवजी भीतीला तुम्हीच नाव द्या : ‘दचकायला झालं ना? मीही दचकले.’ आणि लगेच एक छोटं काम द्या. ‘पुढच्या पंपावर थांबू, हवा तपासायची आहे.’ ‘डावीकडच्या लेनला घे, मुलाला पाणी देते.’ हाताला काम मिळालं की डोकं त्या गाडीवरून सुटतं. मागे बसलेला मुलगा हे सगळं बघतो आहे. त्याच्याशी त्याच वेळी काहीतरी साधं बोला. गप्प बसून तो फक्त आवाज ऐकत राहील असं करू नका.

तरीही ते उतरलेच तर तुम्ही मागोमाग उतरून मध्ये पडू नका. रस्त्याच्या मध्ये उतरलेल्या बाईला मागून येणारी दुचाकी उडवू शकते, आणि मुलगा गाडीत एकटा राहतो. दारं लॉक करा, हॅझर्ड लावा, ११२ ला फोन करून चौकाचं नाव, कोणत्या बाजूचा रस्ता आणि ‘भांडण सुरू आहे, मूल गाडीत आहे’ एवढं सांगा. तुम्ही फोन केला आहे हे त्यांना काचेतून मोठ्याने सांगा. दोघांपैकी कोणी तरी त्यानंतर नरमतंच.

हे सगळं त्यांच्याशी बोलायची वेळ गाडीत नाही आणि घरी आल्या आल्याही नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बोला. तीन गोष्टींवर होकार घ्या, जास्त नको. धडक झाल्याशिवाय कोणाशीही भांडायला गाडी थांबवायची नाही. धडक झाली तरी कडेला लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि यातलं एक मोडलं तर पुढचा आठवडाभर मुलाला घेऊन तुम्ही चालवाल किंवा तिघं गाडीशिवाय जाल. हे शिक्षा म्हणून सांगू नका. तुम्हाला शेजारी बसायची भीती वाटते, हे त्यांच्याकडे बघून सरळ सांगा; अनेक नवऱ्यांना ते खरंच ठाऊक नसतं.

तुमच्या बाबतीत एक सोयीची गोष्ट अशी की कोथरूडहून कल्याणीनगरपर्यंत आता सरळ मेट्रो आहे. वनाज ते रामवाडी हा मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीला चढलं की न बदलता कल्याणीनगरला उतरता येतं. रोज नको, सुरुवातीला मंगळवार आणि गुरुवार. ज्या दिवशी सकाळी मीटिंग असते त्या दिवशी तर नक्कीच, कारण उशिराची धास्ती घेऊन बसलेला चालक पहिल्या सिग्नललाच अर्धा भडकलेला असतो. गाडीनेच जायचं तर पंधरा मिनिटं आधी निघायचं.

पण पुढचे दीड-दोन महिने एक नजर ठेवा. राग आता ऑफिसात, घरात, फोनवरही दिसू लागला आहे का? झोप तुटते, घोरणं वाढलं आहे, दिवसा डुलकी लागते का? रक्तदाब कधी तपासला होता? अपुरी झोप माणसाला स्टिअरिंगवर फार चिडकं करते, आणि घोरण्यात श्वास अडकत असेल तर तो डॉक्टरांचा विषय आहे. मनाचं बोलायचं असेल तर टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. संध्याकाळी एखादा पेग घेऊन चालवणं होत असेल, तर त्यावर मात्र बोलणी नकोत, किल्ली काढून घ्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा आहे, आणि संयम सुटायला तेवढंही लागत नाही.

डॅशकॅम घ्या. पुढचा आणि मागचा असे दोन्ही. पुढे फुल एचडी पुरे, पण रात्रीचं चित्र दुकानात नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावर बघून निवडा. रुंद कोनाच्या भिंगातून समोरची नंबर प्लेट आठ-दहा मीटरच्या पुढे नीट वाचता येत नाही, ही त्याची मर्यादा माहीत असू द्या. आतल्या बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते. कार्ड ६४ किंवा १२८ जीबी, ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच; साधं कार्ड सतत लिहून-पुसून काही महिन्यांत दगा देतं, आणि ते कळतं घटना घडून गेल्यावर. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तारीख-वेळ बरोबर आहे ना ते तपासा. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या भागात बसवा.

काही घडलं तर पहिल्यांदा ती फाइल लॉक करा, नाही तर लूप रेकॉर्डिंग (जुनं पुसत त्यावर नवं भरणं) काही तासांत तिच्यावरून पुढे जातं. मूळ कार्ड काढून ठेवा, दुसरं घाला. कापलेली, व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप पुरावा म्हणून लंगडी पडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधूनच निघणारा तिचा ओळख-आकडा, असते. मूळ फाइल जशीच्या तशी असेल तरच ते जुळतं. आणि ती क्लिप ‘बघा हा माणूस’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. वाहतूक पोलिसांना द्या : तारीख, वेळ, चौक, कोणत्या दिशेने, वाहनाचा नंबर. एक फायदा लोक सांगत नाहीत. कॅमेरा आपलाही आवाज घेतो. पतींना त्यांच्या पहिल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग एकट्याने ऐकू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐकू नका.

आता तुमची स्कूटर. मागे चिकटलेल्या गाडीमुळे बहुतेक जणी एकतर वेग वाढवतात किंवा रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला जातात. दोन्ही नको. कडेला खडी, चेंबरची झाकणं आणि उभ्या गाड्यांची उघडणारी दारं असतात. मोटारीचं दार साधारण एक मीटर बाहेर येतं. उभ्या गाड्यांपासून तेवढं अंतर ठेवून, सरळ रेषेत चालवा. मागचा चिकटला असेल तर पुढचं अंतर वाढवा. म्हणजे तुम्हाला अचानक ब्रेक मारावा लागणार नाही, आणि तुम्ही ब्रेक मारला नाही तर मागचा तुमच्यावर येणार नाही. मग मोकळी जागा दिसली की डावा इंडिकेटर, वेग हळूहळू कमी आणि त्याला जाऊ द्या. त्याला धडा म्हणून ब्रेक मारणं किंवा मुद्दाम मध्ये राहणं, हे स्कूटरवरच्या माणसाने कधीच करू नये. वजनाचा फरकच असा आहे की तो चुकला तरी भोगायचं तुम्हाला.

सिग्नल सुटायच्या आधीच मागून हॉर्न सुरू होतो, त्याला उत्तर देऊ नका, मागे वळून बघूही नका. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ प्रमाणे पहिल्यांदा १ हजार रुपये दंड आहे, पण तो वसूल करणं पोलिसांचं काम. आपली चूक झाली तर मात्र तळहात छातीएवढा वर करून ‘सॉरी’ दाखवा. हेल्मेटच्या आतलं तोंड कोणाला दिसत नाही, हात दिसतो. बसच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नका, विशेषतः ती वळणार असेल तेव्हा. चालकाला दाराच्या पुढची ती जागा दिसतच नाही. रात्री समोरून अप्पर लागला तर आपण अप्पर लावून उत्तर देऊ नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग उतरवा.

जो मागे आला त्याच्याबद्दल. तुम्ही त्या दिवशी घरी गेलात, तेवढं बदला. कोणी मागे येत आहे असं वाटलं तर आधी खात्री करा : दोनदा डावीकडे वळा. दोन्ही वळणांना तो मागे असेल तर योगायोग नाही. मग घराकडे वळायचंच नाही, कारण त्याला तुमची गल्ली आणि इमारत कळते. उजेडाच्या, माणसांच्या आणि कॅमेऱ्याच्या जागी जा. पेट्रोल पंप, रुग्णालयाचं दार, मोठं मेडिकल, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कोथरूड किंवा अलंकार पोलीस ठाणं. स्कूटर चालू ठेवा, हेल्मेट काढू नका, स्टँडला लावू नका. तो शेजारी येऊन बोलू लागला तर एकच वाक्य, मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं : ‘हा माणूस माझ्या मागे येतो आहे, पोलिसांना फोन करा.’ ११२ ला तुम्हीही लावा. महिलांसाठीचं पोलिसांचं दामिनी पथक हवं असं सांगितलं तरी चालेल. फोन मात्र थांबल्यावरच हातात घ्या. चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं हेही कलम १८४ मध्येच येतं.

परवाचा प्रकार सोडून देऊ नका. त्या गाडीचा नंबर अर्धवट आठवत असेल तरी लिहून काढा : गाडीचा रंग, कंपनी, वेळ, पौड फाट्यापासून कोणत्या रस्त्याने. गल्लीच्या तोंडाशी दुकान किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर आजच विचारा, अनेक ठिकाणी फुटेज आठ-पंधरा दिवसांत पुसलं जातं. एवढं घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याने रस्ता अडवला असेल तर न्याय संहितेचं कलम १२६, धमकी दिली असेल तर ३५१, अश्लील शब्द किंवा हावभाव असतील तर ७९. कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतील, पण काय घडलं ते त्याच क्रमाने, त्याच शब्दांत लिहा. हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य क्रमांकाने नोंद करून ती पुढे पाठवायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची नोंद कोणत्याही ठाण्यात घेता येते.

आणि पुढचा आठवडाभर शाळेला जायची-यायची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी बदला, गल्लीत शिरताना रोज एकाच बाजूने शिरू नका. दोन्ही आरसे आजच नीट लावून घ्या. आतल्या कडेला तुमचा कोपर जेमतेम दिसावा, बाकी सगळा रस्ता. बऱ्याच स्कूटरच्या आरशात निम्मा खांदाच दिसत असतो.